योग्य जागी वापरलेले विशेषण

गुरुवार, ६ सप्टेंबर १९५६

आज दुपारी महानंदा अक्कांना 'डेस्पिकेबल' म्हटले. तोंडावर. त्यांच्याच ओसरीवर, सात-आठ बायका वाती वळत बसलेल्या असताना.

शांतपणे म्हटले. आवाज चढला नाही. कामवाली लिंगम्मा म्हणते चौकातल्या चौबाऱ्याच्या मनोऱ्यापर्यंत ऐकू गेला. लिंगम्माला वाढवून सांगायची सवय आहे.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी बदलू नये. पहिल्या नोव्हेंबरला बीदर म्हैसूर राज्यात जाणार. मुलींच्या शाळेतले मराठी वर्ग राहावेत म्हणून मी अर्ज लिहिला. इंग्रजीत, अर्थात. मार्चमध्ये हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झाले तरी शाळा माझीच आहे. छत्री घेऊन दारोदार फिरले. सोमवारी पहिली सही अक्कांची, शेजारीण म्हणून आणि इतक्या वर्षांची मैत्रीण म्हणून. आज कळले की मंगळवारी सिद्धप्पा मास्तर 'सगळे वर्ग कानडी करा' असा अर्ज घेऊन आले आणि त्यावरही अक्कांची सही. तशीच ठळक.

विचारले. तर म्हणाल्या, "दोघं बी दारात आलते, दोघांनी बी चहा पिला. एकाला सही आन् एकाला नुसता चहा, असं कसं करावं गं नलिनी?"

बायका हसल्या. मी म्हटले, "यू आर डेस्पिकेबल, अक्का," आणि उठून आले.

अर्थ तिथे कुणालाच कळला नाही. ते एका परीने बरेच. शिक्षा करणाराला समाधान असले की पुरे.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

झोप उत्तम. चारला जाग आली ती डासांमुळे.

शब्दाविषयी थोडे. कॉन्व्हेंटमध्ये मदर अगाथा सांगत की ज्याचा आपल्याला संताप येतो तो माणूस निदान आपल्या उंचीचा असतो. डेस्पिकेबल माणसाकडे खाली बघावे लागते. जुलमी राजा हेटफुल. त्याच्या दरबारात चहाड्या करून पोट भरणारा डेस्पिकेबल. गरीब, कुरूप, अडाणी माणसाला हा शब्द कधीही लावू नये, कारण त्यात त्याचा दोष नसतो. मनाचा हलकेपणा हवा, आणि तो स्वखुशीने पत्करलेला हवा. म्हणजे रोज वापरायचा शब्द नव्हे, घरातल्या चांदीच्या ताटासारखा. नोकरीत मी तो फार तर तीनदा काढला. एकदा मुलींचे दुपारचे हरभरे बाजारात विकणाऱ्या शिपायाला. एकदा चिटगुप्प्याच्या एका परीक्षकाला. एकदा इन्स्पेक्टरला, मनात.

अक्का येतील. विचारतील. मग अर्थ समजावून सांगेन, सौम्यपणे. आमच्या दोन घरांच्या परसांमध्ये एकच भिंत आहे आणि तिच्यात येण्याजाण्याचे छोटे दार. ते उघडेच ठेवले आहे. वाऱ्यासाठी.

रविवार, ९ सप्टेंबर

अनर्थ.

समोरचे अच्युतराव. वकिली सोडून दहा वर्षे झाली, डिक्शनरी सोडवत नाही. बायका त्यांच्याकडे अर्थ विचारायला गेल्या. त्यांनी चष्मा लावून 'तिरस्करणीय' असा सांगितला. तो बायकांना इंग्रजीपेक्षा अवघड. "म्हंजे काय ओ, मामा?" असे विचारल्यावर या गृहस्थांनी सांगितले, "ज्याच्या तोंडावर थुंकावं असं माणूस."

लिंगम्मा दोन्ही घरची भांडी घासते. तिने हे अक्कांच्या स्वयंपाकघरात नेले आणि तिथले माझ्या स्वयंपाकघरात आणले. अक्का म्हणे भाकरी थापत होत्या, थापत राहिल्या. "एक भाकर जळाली फकस्त," लिंगम्मा म्हणाली. "अक्काची भाकर मी कधी जळालेली बघितली न्हाई."

किती गावंढळ भाषांतर! त्या शब्दात थुंकी कुठेही नाही. अच्युतरावांना जाऊन सुनावले. ते म्हणाले, "मग तुम्ही सांगा, नलिनीबाई, मी घरोघर जाऊन दुरुस्त करतो." मी म्हटले, मराठीत याला नेमका शब्द नाही. ते म्हणाले, "नशीब मराठीचं."

निर्णय: उद्या सकाळी नऊ वाजता अक्कांकडे जायचे आणि भाषांतरातली चूक दाखवून द्यायची.

सोमवार, १० सप्टेंबर

गेले नाही. पाऊस. लिंगम्मा विचारते, "कुठला पाऊस?" ढग होते.

गुरुवार, १३ सप्टेंबर

परसातल्या दाराला पलीकडून कडी लागली आहे. सकाळी ढकलून पाहिले. सहज.

ताक नाही. गुरुवारची शेंगाची चटणी नाही. संध्याकाळी भिंतीवरून "नलिनी, दिवा लावलीस का?" ही हाक नाही. ती हाक मला कधीच आवडत नसे. मोठ्या बाईला कुणी असे विचारते का?

मी ताबडतोब अलीकडूनही कडी लावली. आता त्यांच्या कडीला काही अर्थ उरला नाही.

रविवार, १६ सप्टेंबर

अत्यंत शांत आठवडा. चटणी बंद झाल्यापासून पोट हलके. रोज जेवण साडेसहाला, मग वाचन. आज तेच पान तीनदा वाचले, कारण मजकूर सखोल आहे.

त्यांना किती चुकल्याचुकल्यासारखे होत असेल, याचा विचार करून वाईट वाटते.

गुरुवार, २० सप्टेंबर

लिंगम्माने केर काढता काढता सांगितले की अक्का चालल्या.

कुठे, असे मी विचारले नाही. भुवई वर केली. मुलगा विरुपाक्ष उदगीरला आडत दुकान चालवतो. आजवर उदगीर आपल्याच जिल्ह्यात. पहिल्या तारखेपासून ते मुंबई राज्यात आणि आपण म्हैसुरात. विरुपाक्षाला धास्ती, मधे नाकी बसतील, आई पलीकडे एकटी राहील. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवणार, घर भाड्याने देणार. अक्का आधी नाही म्हणत होत्या. गेल्या आठवड्यात हो म्हणाल्या.

"कामून हो म्हणल्या मी इचारले न्हाई," लिंगम्मा म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

दूध उतू गेले. पातेले लहान आहे.

अर्थात माझा काही संबंध नाही. पण एक व्यक्ती एका शब्दाचा चुकीचा अर्थ मनात घेऊन दुसऱ्या राज्यात जाणार. शिक्षिका म्हणून मला हे योग्य वाटत नाही. कायमची जाणार.

रविवार, २३ सप्टेंबर

पुन्हा नीट आठवून पाहिले. मी 'यू आर' म्हटले की 'धिस इज'? माझ्यासारख्या व्यक्तीने व्यक्तीला हे विशेषण लावणे संभवत नाही. मी ते कृतीला लावले असणार. दोन सह्या करणे, ही कृती डेस्पिकेबल. करणारी व्यक्ती वेगळी. ती एरवी कशीही असू शकते. टायफॉइडमध्ये माझ्या उशाशी तीन आठवडे बसलेलीसुद्धा असू शकते.

लिंगम्मा साक्षीदार म्हणून निरुपयोगी. "बोट दावून बोल्लात की," म्हणते. बोट सही करणाऱ्या हाताकडे होते. अक्का त्या हाताच्या मागे बसल्या होत्या.

रविवार, ३० सप्टेंबर

अच्युतरावांना मध्यस्थ म्हणून पाठवले. चूक त्यांनी केली, निस्तरावीही त्यांनीच. निरोप वहीतून वाचून घोकून घेतला: 'विशेषण कृतीला होते, व्यक्तीला नव्हते.'

तासाभराने परत आले. मिशांना लाडू लागलेला. अक्कांनी सगळे ऐकून घेतले म्हणाले. मग विचारले, "मंजे मी चांगली, माझा हात तेवढा वंगाळ? मग हात काढून ठिवते तिच्या दारात. चटणी कुटायला येईल तिला." ओसरीवरच्या सगळ्या हसल्या. सांगताना अच्युतरावही हसले. मी त्यांना विचारले, अक्का हसल्या का? त्यांनी मिशा पुसल्या. "नाही. त्या नाही हसल्या."

माझ्यासाठी लाडू पाठवला होता का, हे मी विचारले नाही. त्यांनीही काढले नाही.

यापुढे मध्यस्थ नको.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

आज घट बसले. म्हणजे नऊ रात्री आणि मग दसरा.

मार्ग सापडला, आणि तो इथल्याच रिवाजात होता. दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पाने देतात. वर्षभराची भांडणे त्या पानावर संपतात. लहानाने मोठ्याच्या दारी जायचे, पान हातावर ठेवायचे, पायाला हात लावायचा, "बन्नी घ्या, बंगारासारखं राहू" म्हणायचे; बंगार म्हणजे सोने. मोठ्याने मागचे काही काढायचे नाही. कुणालाही माफी मागावी लागत नाही. अत्यंत सुसंस्कृत सोय.

प्रश्न एकच. लहान कोण?

माझ्या सर्विस बुकात जन्मसाल १९०१. अक्कांचे १९००. मी इथे राहायला आले तेव्हा त्यांनी वय विचारले, मी सर्विस बुकातले सांगितले. सरकारी नोकर दुसरे काय सांगणार? त्या वर्षाने मोठ्या निघाल्या, म्हणून त्या अक्का आणि मी नलिनी. कॉन्व्हेंटच्या रजिस्टरात माझे साल १८९६ आहे खरे, पण ते रजिस्टर परदेशी नन्सनी लिहिलेले. त्यांना आपल्याकडच्या तारखा काय कळणार?

तरीही. रजिस्टर धरले तर अक्कांनी माझ्याकडे यायला हवे. सर्विस बुक धरले तर मी जायला हवे, वाकायलाही हवे, सगळ्या गल्लीसमोर. मला रजिस्टर सोयीचे. पण रजिस्टर बाहेर काढायचे तर वय बाहेर येते.

विचार करते आहे.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

सर्विस बुक. सरकारी कागदच खरा. मी जाईन. जाणारा नेहमीच मोठा असतो, मनाने.

चार मिनिटांचे बोलणे तयार केले. शब्दाचा उगम, मग अर्थाच्या छटा, मग कृती आणि व्यक्ती यांतला भेद, शेवटी पान. लिंगम्माला बसवून म्हणून दाखवले. तिने जांभई दाबली. म्हणाली, "लई लांब हाय, बाई. 'चुकले' म्हणून टाका की."

मी तिला समजावले की 'चुकले' हा शब्द इथे लागू होत नाही.

"मग अक्का जायलेत, त्ये लागू होतंय का?" म्हणाली आणि भांडी आपटत गेली.

हल्ली फार बोलते.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

दसऱ्याची वाट कशाला पाहायची, म्हणून सकाळीच निघाले. अक्कांच्या दारासमोर पोचले. त्या पायरीवर बसून पितळी घागरीच्या तोंडाला फडके बांधत होत्या. विरुपाक्ष गाद्यांना सुतळी आवळत होता. अक्कांनी मान वर केली. माझ्याकडे बघितले. फडक्याची गाठ हातातच राहिली.

मी छत्री सरळ केली आणि पोस्टात गेले. टाकायचे पत्र नव्हते. एक तिकीट घेतले. तिकीट लागतेच.

अक्का बारीक झाल्या आहेत.

शनिवार, १३ ऑक्टोबर

ट्रक ठरला. सोमवारी सकाळी.

म्हणजे उद्याचा एकच दिवस. उद्या संध्याकाळी पाच वाजता जायचे. सबबी नकोत. हे शेवटचे लिहिते, कारण नाहीतर त्या जातील आणि मग

मग काही नाही. शांतता. वाचन.

रविवार, १४ ऑक्टोबर, विजयादशमी

सकाळी ८. न्हाले. मोरपंखी रेशमी नेसले. लिंगम्माने बन्नीची डहाळी आणली. चांगली पाने निवडून तबकात ठेवली. बोलणे दोनदा म्हटले. कुठेही अडखळले नाही. मन अगदी स्थिर.

दुपारी ४. तळहाताला घाम. ऑक्टोबरची हवा.

५.३०. सीमोल्लंघनाला गेलेली माणसे परतली. अक्कांच्या दारात रांग. चिटगुप्प्याहून माहेरची माणसे आली आहेत. एवढ्या गर्दीत अर्थाच्या छटा कशा सांगणार? सहाला जाते.

६. सव्वासहाला.

८. झाले ते क्रमाने लिहिते.

सव्वासहाला माझ्या ओसरीवर अच्युतराव, त्यांची बायको आणि गल्लीतल्या चार जणी पाने द्यायला आल्या. मी निघण्याच्या बेतात होते. चप्पल घातली होती, हे नमूद करते. उजव्या पायातली.

तेवढ्यात सगळ्यांनी रस्त्याकडे माना वळवल्या. अक्का येत होत्या. रस्त्याने, कारण परसातल्या दाराला दोन्हीकडून कडी. पायऱ्या एकेक करून चढल्या. माझा हात धरला, तळव्यावर पान ठेवले, म्हणाल्या, "बन्नी घे, बंगारासारखं राहू." आणि वाकल्या. माझ्या पायांना दोन्ही हात लावले. एका पायात चप्पल, एक अनवाणी.

लिंगम्मा किंचाळली, "अगं बया! अक्का, धाकटीच्या पाया पडायलात?"

अक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "कशाची धाकटी? हैद्राबादेत मुसीला पूर आला त्या आठ साली ही बोर्डिंगात सातवीला हुती. हिनंच सांगितलंय शंभरदा. माझे तवा पुढचे दात पडायलते. हिला लहान व्हायची हौस, म्हणलं होऊ दे. अक्का म्हणवून घ्यायला माझं काय जातंय?"

अच्युतराव बोटांवर मोजू लागले. मी पाहिले.

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. अक्का जवळ आल्या आणि हळू आवाजात बोलल्या, पण ओसरी लहान आहे.

"आन् तुझा त्यो शब्द, नलिनी. किती वर्षं म्हणत आले, मला बी चार शब्द इंग्रजी शिकीव, लेकाच्या दुकानाची पाटी तर वाचते. तू म्हणायचीस, तुम्हाला कशाला, अक्का? हसायचीस. आता शिकवलास त्यो एकच. इसरू नये म्हणून रोज म्हणते बघ." आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डिसपिकाबल."

त्यांचे डोळे भरले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. बोलण्याचे पहिले वाक्य माझ्या ओठांवर होते. दुसरेही होते. लिंगम्मा तोंडाने नुसताच आकार करून मला दाखवत होती: चु-क-ले.

मी म्हटले, "डेस. जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा, अक्का. डेस-पिकेबल."

सवय. पस्तीस वर्षांची. चूक तिथल्या तिथे सुधारली नाही तर पक्की होते.

अक्कांनी पदराने डोळे टिपले. मग "बरं" म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. माझी पाने तबकातच राहिली. लिंगम्मा भांडी न घासता गेली.

निर्णय: सकाळी ट्रक निघण्याआधी जायचे. चार मिनिटांचे बोलणे रद्द. छटा नकोत, उगम नको. एकच शब्द, मराठी, लिंगम्माने सुचवलेला. लागू होतो की नाही हे नंतर बघू.

सोमवार, १५ ऑक्टोबर

सहाला परसातल्या दाराची माझी कडी काढली. पलीकडची लागलेलीच होती. हाका मारल्या. आत कुणी नव्हते, सगळे समोर सामान चढवत होते. वळसा घालून रस्त्यावर आले. पदर नीट घ्यायलाही थांबले नाही.

ट्रक सुरू होता. अक्का ड्रायव्हरशेजारी, मांडीवर घागर. विरुपाक्ष मागे गाद्यांवर. मी खिडकीपाशी गेले आणि म्हटले, "चुकले, अक्का."

इंजिन.

पुन्हा म्हणणार तोच ट्रक हलला. अक्का खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकल्या. सगळ्या ओसऱ्यांवर माणसे उभी होती. माझ्याकडे बघून, शाळेतली पोरगी शेवटच्या बाकावरून ओरडते तशा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडल्या, "डेस्पिकेबल! आता बरोबर हाय का, बाई?"

रागाने म्हटले की हसून, ते कळले नाही. धूळ फार होती.

उच्चारात काही दोष नव्हता. मी हात वर केला आणि ओरडून सांगितले, बरोबर.